विश्लेषण : प्रगतिपुस्तकात मुलाचंही मत, स्वयंमूल्यमापन म्हणजे नेमकं काय?

प्रकल्पाची फाइल देखणी झाली, गुणही मिळाले. पण ती करताना मूल स्वतः किती बदललं? सहावी ते आठवीच्या मुलांनी हे स्वतःच सांगावं, अशी अपेक्षा नव्या ‘समग्र प्रगती पत्रका’त आहे. ते प्रत्यक्षात कसं जमेल, हे रायगडमधील चौलचं उदाहरण घेऊन पाहू.

ही कल्पना आली कुठून?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानुसार आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये ‘प्रकल्प’ आला. मात्र त्यावरची नोंद शिक्षकच करत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने यात स्वतः विद्यार्थी आणि त्याचे वर्गमित्र यांच्या मूल्यमापनाची भर घातली. ‘एनसीईआरटी’च्या ‘परख’ या संस्थेने त्यासाठी नमुना पत्रकं तयार केली आहेत.

चौलमध्ये काय करता येईल?

टॉलेमीच्या लिखाणात उल्लेख असलेलं हे प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन इथेच उतरला. १५०८ मध्ये इथल्या पाण्यात पोर्तुगीजांशी आरमारी लढाई झाली. आज दिसतात त्या नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वर मंदिरासमोरची पुष्करणी आणि शेजारच्या रेवदंड्याची तटबंदी.

समजा, सातवीच्या मुलांनी ‘आपलं बंदर कुठं गेलं?’ हा विषय घेतला. पहिला नकाशा अंदाजाने काढायचा. मग गावात फिरून, जुन्या माणसांशी बोलून दुसरा. पहिला फाडून टाकायचा नाही. दोन्ही संचयिकेत ठेवायचे आणि खाली चार उत्तरं लिहायची :

- आधी मला काय वाटत होतं?
- ते कशामुळे बदललं?
- कुठे अडलो, कुणाची मदत घेतली?
- अजून काय जमत नाही?

‘मला इतिहास आवडला’ या वाक्यातून काहीच कळत नाही. पण ‘वाडीतल्या आजोबांशी बोलायला आधी लाज वाटली, दुसऱ्यांदा जाताना प्रश्न लिहून नेले’ असं कुणी लिहिलं, तर शिक्षकांच्या हाती त्या मुलाच्या वाढीचा पुरावा येतो.

धोका कुठे आहे?

शिक्षकांनी करायच्या ‘वर्णनात्मक नोंदी’ आज तयार पीडीएफमध्ये मिळतात. प्रकल्पाचे तक्ते दुकानात विकत मिळतात, उरलेलं काम रात्री आई-बाबा करतात. मुलांची मनोगतंही याच वाटेने गेली, तर पत्रकात आणखी एका रकान्याची भर पडेल, एवढंच.

या लिखाणाला गुण दिले, तर मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहितील. म्हणून गुण प्रकल्पाला द्यावेत, मनोगताला नकोत. ते वर्गात मोठ्याने वाचायचं का, हे मुलालाच ठरवू द्यावं. वेळही हवा. वर्षाअखेरीस एकदम लिहून घेतलं तर आठवणी पुसट झालेल्या असतात. पंधरवड्याला चार ओळी पुरेत. चित्र, नाटुकली, मातीकाम, काहीही चालेल; फक्त आधीचा आणि नंतरचा टप्पा जपलेला हवा.

पालकांनी काय करावं?

‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘पहिल्यांदा काय चुकलं होतं?’ असं विचारावं. आणि उत्तर ऐकून रागावू नये. चूक सांगितल्यावर बोलणी बसतात, हे एकदा लक्षात आलं की मूल पुढच्या वेळी ती लपवतं; मग पत्रकातला रकाना भरलेला दिसला, तरी त्यातून काहीच कळत नाही.