घोड्यांचाही पोळा असतो!

आपल्याकडे बैलांचा पोळा, तसा जर्मनीत बव्हेरियातल्या बाड ट्योल्झ गावी घोड्यांचा सण: लेओनहार्डीफार्ट. दरवर्षी ६ नोव्हेंबरला, गुराढोरांचा राखणदार मानल्या जाणाऱ्या संत लेओनहार्डच्या दिवशी. एकेका रंगवलेल्या लाकडी गाडीला चार-चार घोडे. जात ‘दक्षिण जर्मन कोल्डब्लड’. वजन सहाशे-सातशे किलोंच्या घरात, पण स्वभावाने एकदम गरीब. आयाळीच्या घट्ट वेण्या, त्यांत गुंफलेल्या फिती नि फुलं, अंगावर लखलखणारा पितळी साज. शेपटीचंही कौतुक होतं! चढ चढून गाड्या टेकडीवरच्या १७१८ च्या छोट्या चॅपेलपाशी जातात; तिथे धर्मगुरू घोड्यांना आणि माणसांना आशीर्वाद देतात. मग बाजारपेठेत तालावर चाबकांचा कडकडाट. ट्रॅक्टर आल्यावर शेतातलं काम सुटलं, तरी लोक हे घोडे हौसेने पाळतात. चाऱ्याचा हिशेब मात्र विचारू नका 😄