शहाजीराजे : बेंगळूरची जहागीर आणि बहुभाषिक राजसभा
१६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीत बेंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले व तेथील जहागीर आदिलशाहीने शहाजीराजे भोसले यांच्याकडे सोपविली. जहागीर म्हणजे वसूल आणि फौज सांभाळण्याचा, परंतु दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असलेला अधिकार. १६४८ मधील कैदेने ही मर्यादा उघड केली; पुढील वर्षी त्यांची सुटका झाली. तथापि, जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त (संपा. वि. का. राजवाडे, १९२२) शहाजींची सभा स्वतंत्र राजाच्या सभेसारखी भासते, संस्कृताबरोबरच अनेक देशभाषांतील रचना तेथे येतात. हिला केवळ आश्रयदात्याची स्तुती म्हणणे अपुरे ठरेल. सनदेत नसलेली प्रतिष्ठा येथे काव्याने बहाल केली आहे. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शहाजींचे निधन झाले. तौलनिक अभ्यासकाने त्यांची जहागीर आणि हा चंपू एकत्रच वाचावयास हवेत.