रेल्वेत अजून बसला नाहीत? मग पहिला प्रवास असा करा

आज बचत, कर्ज आणि हप्ता थोडं बाजूला ठेवू. गटांच्या बैठकीत मी अधूनमधून एक प्रश्न विचारते, "आयुष्यात अजून केली नाही, पण करून पाहायची आहे अशी एक गोष्ट सांगा." उत्तरं मजेशीर येतात. कोणाला समुद्र पाहायचा असतो, कोणाला विमानात बसायचं असतो. एक जण म्हणाली, "वाघ त आमी धुऱ्यावर पायतो, पण जिप्सीत बसून नाई पायला." पण सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर एकच. "रेल्वेत बसली नाई बाप्पा."

यात लाजण्यासारखं काही नाही. कारण आपल्या नकाशातच आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन मात्र एकच, वडसा. तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. झाडीपट्टीच्या नाटकांमुळे वडसा आपल्याला चांगलं ठाऊक आहे, पण नाटक पाहून आपण परत फिरतो, स्टेशनात शिरत नाही. वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला आहे. तो सुरू होईपर्यंत कुरखेडा-आरमोरीकडच्या बायांना वडसा, अहेरी-आलापल्लीकडच्यांना बल्लारशा आणि सिरोंचाकडच्यांना तेलंगणातलं मंचेरियाल, हेच रस्ते आहेत.

हौस नाही, गरज आहे

"नाही बसलो तर काय बिघडलं?" असं कोणी म्हणेल. बिघडतं. लेकराला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून डॉक्टर चिठ्ठी देतात आणि बाई घरच्या माणसाच्या सवडीची वाट पाहत बसते. तो धान कापणीला गेलेला असला तर दवाखाना आठवडाभर पुढे जातो. मुलीला नागपूरच्या कॉलेजात जागा मिळते आणि "नेऊन कोण देणार?" या एका प्रश्नावर शिक्षण थांबतं. गटाच्या मालाला मुंबईच्या प्रदर्शनात बोलावणं येतं आणि जायला कोणी तयार होत नाही. या तिन्ही ठिकाणी अडचण फक्त पैशाची नसते. स्टेशनची भीती असते, आणि ती माहिती मिळाली की निम्मी कमी होते.

नावांचा घोळ आधी समजून घ्या

तालुक्याचं नाव देसाईगंज, पण स्टेशनचं नाव वडसा. तिकीट मागताना वडसाच म्हणा. चंद्रपूर शहरात दोन स्टेशनं आहेत. गोंदियाकडून वडसा, ब्रम्हपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत येणारी गाडी चांदा फोर्टला थांबते. वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम करत नागपूरला जाणाऱ्या गाड्या चंद्रपूर स्टेशनवरून मिळतात. एका स्टेशनवर उतरून दुसऱ्या स्टेशनची गाडी धरायची असेल तर मध्ये ऑटोचा वेळ हाताशी ठेवा. दोन्ही मार्ग बल्लारशाला एकत्र येतात, म्हणून गाडी बदलायला ते सोपं ठिकाण. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जायचं असेल तर चंद्रपूर किंवा बल्लारशाहून सेवाग्रामचं तिकीट काढा.

तिकीट दोन प्रकारचं

पहिलं जनरल. जवळच्या प्रवासाला हेच पुरतं. खिडकीवर जायचं, गावाचं नाव आणि माणसं सांगायची, पैसे द्यायचे. आधीपासून नोंदणी लागत नाही, पण बसायच्या जागेची हमीही नसते. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट त्याच दिवशी, काढल्यावर लगेच वापरायचं असतं. सकाळी काढून संध्याकाळी निघायचं, असं चालत नाही.

दुसरं आरक्षणाचं. यावर नाव, डब्याचा क्रमांक आणि बर्थचा क्रमांक असतो. ते प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून काढता येतं. सोबत आधार कार्ड मूळ ठेवा, झेरॉक्स नको. तिकिटावर वेटिंग लिहिलं असेल तर जागा पक्की झालेली नाही, आणि अशा तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. वय ४५ किंवा त्याहून जास्त असलेल्या बाईला जागा शिल्लक असल्यास खालचा बर्थ आधी मिळतो. म्हणून अर्जात वय बरोबर लिहा.

पाच वर्षांखालच्या लेकराला वेगळी जागा घेतली नाही तर तिकीट लागत नाही.

सवलतींबद्दल गैरसमज

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेत तसं नाही. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलतही मार्च २०२० पासून बंद आहे. पण एक सवलत आपल्या भागासाठी फार मोलाची आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी जाताना स्लीपर, एसी थ्री आणि एसी टू या डब्यांत ५० टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. कॅन्सरच्या रुग्णालाही उपचारासाठी जाताना सवलत आहे. आपल्या गटातल्या कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना या प्रमाणपत्राबद्दल नक्की विचारा.

स्टेशनवर गेल्यावर

गाडीच्या वेळेआधी निदान अर्धा तास पोहोचा. प्रत्येक गाडीला पाच अंकी नंबर असतो, तो कागदावर लिहून घ्या. नावं सारखी वाटतात, नंबर चुकत नाही. गाडी कोणत्या फलाटावर येणार ते फलकावर दिसतं आणि भोंग्यावरही सांगतात. कळलं नाही तर खिडकीवर विचारा. रूळ ओलांडू नका, पुलावरूनच जा. एसटीसारखा हात दाखवून गाडी थांबत नाही, आणि लहान स्टेशनवर ती एक-दोन मिनिटंच उभी राहते. म्हणून गाठोडी आधीच हातात घ्या आणि लेकराचा हात धरून ठेवा. चालत्या गाडीत चढायचं नाही, उतरायचंही नाही. एक गाडी गेली तर दुसरी येते.

उतरायचं स्टेशन येण्याआधीची दोन स्टेशनं विचारून ठेवा. ती गेली की दाराजवळ या.

गाडीत काही अडलं तर

१३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर आहे. कोणी त्रास दिला, तब्येत बिघडली, सामान गेलं, तर याच नंबरवर फोन करा. योगायोगाने १३९ हा रेल्वे कायद्यातल्या एका कलमाचाही आकडा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं हे कलम सांगतं की, सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे किंवा लेकराकडे तिकीट नसलं तरी तिला कुठल्याही आडस्टेशनवर किंवा रात्री उतरवून देता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं स्टेशन, एवढ्याच ठिकाणी आणि तेही दिवसाच उतरवता येतं. याचा अर्थ तिकीट काढू नका असा नाही. पण तिकीट हरवलं म्हणून कोणी रात्री खाली उतरवायची धमकी दिली, तर हे कलम लक्षात असू द्या.

साखळी मात्र खऱ्या संकटातच ओढायची. विनाकारण ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढच्या बैठकीत हे ठरवा

मैत्रिणींनो, सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरची लेक सुरेखा यादव देशातली पहिली महिला रेल्वेचालक झाली. मार्च २०२३ मध्ये तिने सोलापूर ते मुंबई वंदे भारत गाडी चालवली. ती इंजिनात बसू शकते, तर आपण डब्यात नक्कीच बसू शकतो.

पहिला प्रवास दवाखान्याच्या घाईत करू नका. रोवणी संपली की एखादा मोकळा दिवस धरा. पाच-सहा जणींनी मिळून वडसा ते नागभीड जा आणि त्याच दिवशी परत या. तिकीट प्रत्येकीने स्वतःच्या हाताने काढायचं, एकीने सगळ्यांचं नाही. गाडीचा नंबर प्रत्येकीने स्वतः शोधायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या ताईंनी आकडे तरी ओळखायचे, नोटांवरचे ओळखता तसेच. सोबत वयात आलेल्या मुलींना न्या. पुढे त्यांना एकटीने जायचं आहे.

जाऊन आलात की गटाच्या वहीत नोंद करा आणि जिने अजून रेल्वे पाहिली नाही, तिला पुढच्या फेरीत सोबत घ्या.