एकाच नदीचे मासे, म्हणून एकाच टँकमध्ये?

“सगळे ॲमेझॉनचेच आहेत, एकत्र छान राहतील.” दुकानदार हे वाक्य सांगतो, घेणारा घरी येऊन तेच पाहुण्यांना सांगतो, आणि दोन-तीन फुटी टँकमध्ये निऑन, एंजल, डिस्कस, एखादा छोटासा ऑस्कर आणि काच साफ करायला सकर अशी भरती होते. त्याला नाव मिळतं ‘नैसर्गिक नदीचा टँक’. काही आठवड्यांत निऑन एकेक करून नाहीसे होतात, डिस्कस काळवंडून कोपरा धरतो, आणि खापर फुटतं ‘इन्फेक्शन’वर. हे पुन्हा पुन्हा घडतं आणि दर वेळी मासेच मरतात, म्हणून या एका समजाबद्दल सविस्तर लिहायला हवं.

ॲमेझॉन ही एक जागा नाही. तिचं खोरं सुमारे 70 लाख चौरस किलोमीटरचं, भारताच्या दुपटीहून मोठं आहे, आणि त्यात माशांच्या 2,400 च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. मुळशीच्या वरचा डोंगरओढा आणि उजनीचा जलाशय दोन्ही भीमेच्याच खोऱ्यात येतात, पण ओढ्यातल्या खडकाला चिकटून राहणारा मळ्या संथ, कोमट पाण्यात सुखी राहील असं आपल्याकडचा कुठलाही मच्छीमार म्हणणार नाही. मग ॲमेझॉनच्या माशांबद्दल आपण तेच कसं गृहीत धरतो?

हाराल्ड सिओली या जर्मन शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर ॲमेझॉनच्या नद्यांची पाण्यावरून तीन गटांत विभागणी केली आणि ती आजही वापरली जाते. अँडीजमधला गाळ आणणाऱ्या गढूळ नद्या, रिओ नेग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नद्या आणि शिंगू-तापाजोससारख्या नितळ नद्या. मानाउसजवळ काळी रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोइस भेटतात, तेव्हा दोन्ही प्रवाह काही किलोमीटर न मिसळता शेजारीशेजारी वाहतात. रिओ नेग्रोच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, पीएच 4 ते 5 इतका खाली असतो. गढूळ नदीचा पीएच 7 च्या आसपास.

आता दुकानातली यादी पुन्हा पाहा. निऑन टेट्रा पश्चिमेकडचा, पेरू-कोलंबियाच्या बाजूचा. त्याला 22 ते 25 अंश पाणी मानवतं. डिस्कसला 28 ते 30 लागतं. एकाच हीटरवर दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले. एंजल मोठा झाला की निऑन त्याचं खाद्य होतो, यात आजाराचा काही संबंध नाही. ऑस्कर फूटभर होतो. आणि ‘मासा टँकच्या मापाएवढाच वाढतो’ हे साफ खोटं आहे: वाढ खुंटते ती घाण पाण्याने आणि कोंडमाऱ्याने, आणि असा मासा लवकर मरतो.

नदीचा टँक करायचा तर नदीचं नाव बाजूला ठेवून तिचा एक कोपरा निवडावा. उदाहरणार्थ, रिओ नेग्रोच्या काठचं पुरात बुडालेलं जंगल. तिथे पाण्याची पातळी वर्षाकाठी दहाएक मीटर चढते-उतरते, महिनोनमहिने झाडं पाण्यात उभी असतात आणि मासे त्यांच्या फांद्यांमध्ये चरतात. तळाला वाळू आणि पानांचा जाड थर. पीटर हेंडरसन आणि इल्झे वॉकर यांनी मानाउसजवळच्या काळ्या पाण्याच्या ओढ्यातल्या अशाच पानांच्या थराचा अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध केला. कुजणाऱ्या पानांवर बुरशी, बुरशीवर किड्यांच्या अळ्या, अळ्यांवर छोटे मासे, अशी ती साखळी आहे.

हा कोपरा तीन फुटी, दीड फूट रुंद आणि तेवढ्याच उंच टँकमध्ये छान बसतो. बारीक वाळू, वेड्यावाकड्या फांद्या, पानं. मधल्या थरात पंचवीसेक कार्डिनल टेट्रा, वर आठ-दहा पेन्सिलफिश, तळाशी अपिस्टोग्रामाची एक जोडी. बस्स. यादी इतकी छोटी ठेवायला लोकांचं मन धजत नाही, पण पंचवीस कार्डिनल एकत्र वळतात तेव्हा टँकमध्ये जे दिसतं, ते पाच जातींच्या पाच-पाच माशांत कधीच दिसत नाही.

पाणी चहासारखं झालं म्हणजे घाण झालं, हाही तितकाच चिवट समज. तो रंग पानांतून आणि लाकडातून उतरतो, आणि रिओ नेग्रोचा रंग तोच आहे. कृपा करून त्यासाठी फिल्टरमध्ये कार्बन घालू नका. घाण आहे की नाही हे अमोनिया आणि नायट्रेटची चाचणी सांगते, रंग सांगत नाही. पानं आपल्याकडे रस्त्यावर मिळतात: देशी बदामाची, आपोआप गळलेली, वाळलेली. फवारणी झालेल्या झाडाखालची मात्र नकोत.

मुंबईचं तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी मुळात मृदू आहे. बोअरच्या जड पाण्यात आरओचं पाणी मिसळावं लागेल, कारण नुसत्या पानांनी तिथला पीएच हलत नाही. नदीचा पीएच 4 म्हणून टँकचाही तोच हवा, हा अतिउत्साह झाला. इतक्या आम्लात फिल्टरमधले जिवाणू नीट काम करत नाहीत, 6 ते 6.5 पुरेसं आहे. भरपूर हिरवी झाडं म्हणजे नैसर्गिक टँक, असंही नाही. काळ्या पाण्यात प्रकाश खोल जात नाही आणि तळाशी वनस्पती फारशा नसतातच. सकर काच राखेल या भरवशावर राहू नका, तोही फूटभराहून मोठा होतो. तो नदीत सोडणं तर त्याहून वाईट: केरळ, बंगाल आणि आंध्रातल्या पाण्यांत त्याने आधीच बस्तान मांडलंय.

शेवटचा मुद्दा जरा नाजूक आहे. नदीतून पकडलेला मासा विकत घेणं म्हणजे नदी ओरबाडणं, असं अनेकांना मनापासून वाटतं. शिंगूमधल्या झेब्रा प्लेकोबाबत ती भीती खरी आहे, त्याला तस्करी आणि बेलो मोंते धरण या दोन्हींचा फटका बसतो. पण रिओ नेग्रोवरच्या बार्सेलोस गावात पिढ्यान् पिढ्या कार्डिनल पकडले गेले आहेत, होडीतून, छोट्या जाळ्यांनी. पूर ओसरताना असंख्य कार्डिनल अडकून मरतातच, आणि या उत्पन्नामुळे जंगल उभं ठेवण्यात तिथल्या माणसांना फायदा दिसतो. घेताना मासे नदीतले की फार्ममधले हे मात्र विचारावं: नदीतून आलेल्यांना सुरुवातीला जास्त मृदू पाणी आणि सवय व्हायला जास्त वेळ द्यावा लागतो.