हात पुढे करताच पाणी

पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत जाते. मात्र त्याच तालुक्याच्या खारेपाटातील अनेक गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रोह्याचे चित्र निराळे. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते आणि नदीला उन्हाळ्यातही वाहती ठेवते. एकीकडे टंचाई, दुसरीकडे मुबलकता. नळ उघडा ठेवण्याची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच.

पाणी तुपासारखे वापरावे, ही आपल्या घरांतील जुनी शिकवण. हिशेब मांडला की तिचे मोल कळते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा नळ साबण चोळताना २० सेकंद उघडा राहिला, तर २ लिटर पाणी व्यर्थ जाते. मंगल कार्यालयात ५०० पाहुण्यांनी असेच हात धुतले, तर एका पंगतीला १,००० लिटर!

सेन्सरचा नळ हीच गळती रोखतो. त्यातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. हातावरून परतलेले किरण टिपले जाताच विद्युत झडपेला इशारा मिळतो व पाणी सुरू होते. हात मागे घेताच ते थांबते. अनेक नळांत झडपेला वीज लागते ती केवळ उघडता-मिटताना क्षणभर. म्हणून साधे सेलही दीर्घकाळ पुरतात.

तथापि खरेदीपूर्वी काही गोष्टी पारखून घ्याव्यात. यातील अनेक नळांना किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळापासून सुमारे ५ मीटर उंच हवी. गच्चीच्या लगतच्या मजल्यावर तो मिळेलच असे नाही. पावसाळ्यातील गाळाने झडप अडकते. म्हणून आधी जाळी बसवावी व ती नियमित धुवावी. सेल संपल्यास हाताने उघडता येईल अशी सोयही पाहावी.

स्पर्श टळला म्हणजे पाणी निर्जंतुक झाले, असे मात्र नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या २०११ मधील पाहणीत साध्या नळांपेक्षा सेन्सरच्या नळांतील पाण्यात लिजिओनेला जिवाणू अधिक वेळा आढळले. झडपेच्या गुंतागुंतीच्या रचनेत जंतूंना आश्रय मिळत असावा, असा संशोधकांचा तर्क होता.

तेव्हा घरात आधी गळके नळ दुरुस्त करावेत आणि तोटीला हवा मिसळणारी स्वस्त जाळी लावावी. सेन्सरचा खर्च सार्थकी लागतो तो मंगल कार्यालय, धर्मशाळा, उपाहारगृह अशा वर्दळीच्या जागी, जेथे नळ बंद करण्याची जबाबदारी कोणा एकाची नसते.