सुईचं खातं

आमच्या घरात हिरा आहे तो एकच, आणि तो कुणाला दिसत नाही. टर्नटेबलचा हात, हाताच्या टोकाला कार्ट्रिज, कार्ट्रिजमधून पुढे आलेली टाचणीहून बारीक नळी आणि त्या नळीच्या अग्रावर बसवलेला हा हिरा. टोकाची गोलाई अशी, की तिची त्रिज्या मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी भरते. सौभाग्यवती म्हणतात, "लग्नाला अडतीस वर्षं झाली. हिरा आणलात, तो रेकॉर्डसाठी." म्हणणं खोटं नाही. मात्र त्या हिऱ्याची जेवढी उस्तवार मी करतो तेवढी अंगठीतल्या हिऱ्याची कुणी करत नसेल.

उभा जन्म बँकेत काढल्यावर माणसाला नोंदीशिवाय चैन पडत नाही. निवृत्तीनंतर टर्नटेबल घेतलं, त्याच दिवशी सुईच्या नावानं एक वही घातली. तारीख, रेकॉर्ड, बाजू, मिनिटं. साध्या गोल टोकाच्या हिऱ्याचं आयुष्य साधारण ५०० तास धरतात. काही विशेष घडणीच्या सुया हजारापर्यंत जातात. एलपीची एक बाजू २२ मिनिटांची धरली, तर ५०० तासांत साडेतेराशेच्या वर बाजू वाजतात. एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर ती अर्ध्या किलोमीटरला थोडीच कमी भरते. म्हणजे एक सुई आयुष्यात साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास चालते. पुण्याहून निघाली तर ताईचं नागपूर जवळ येता येता तिचा प्राण जातो. ताईचं नाव इथं उगाच आलेलं नाही, पण ते पुढे.

आधी वडिलांचा फोनो. मिरजेच्या आमच्या घरात चावीचा फोनो होता आणि त्याच्याजवळ पोलादी सुयांची पत्र्याची चपटी डबी. नियम असा, की प्रत्येक बाजूला नवी सुई. वडील शाळामास्तर. ते एका सुईवर चार बाजू काढत आणि मग अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज बसला असं वाटू लागे. "खाँसाहेबांना पडसं झालंय," असं आई म्हणायची. त्या नियमामागचं कारण मला फार उशिरा कळलं. त्या काळ्या तबकड्या लाखेच्या. लाख आपल्याकडचीच, पण तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. ती पूड सुईला घासून काढी आणि पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक खाचेच्या मापाचं होऊन जाई. झिजायचं ते सुईनं, अशी तिथली व्यवस्था होती. म्हणून सुया स्वस्त आणि डबीत ढिगानं.

१९४८ साली अमेरिकेत एलपी निघाली आणि ही व्यवस्था उलटी झाली. तबकडी आली मऊ प्लॅस्टिकची, विनाइलची. सुई आली रत्नाची. आता सुई झिजली तर ती मुकाट्यानं झिजत नाही, जाता जाता तबकडीलाही घेऊन जाते.

आमच्या घरी एलपी आली ती १९७३ साली, ताईच्या पगारातून. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नुकतीच शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली होती. तिनं पेटीसारखा बंद होणारा एक छोटा प्लेअर घेतला आणि वर्षाला दोन अशा बेतानं रेकॉर्डी. त्यात किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी. त्या रेकॉर्डला ती कुणाला हात लावू देत नसे. प्लेअरच्या सुईला हिरा नव्हता, नील होता. तोही कारखान्यात तयार केलेला. नीलाचं आयुष्य पन्नासेक तास. ताई तारखेनं सुई बदलायची. १९७६ साली लग्न होऊन नागपूरला निघाली तेव्हा प्लेअर आणि रेकॉर्डी माझ्या हवाली केल्या आणि एवढंच म्हणाली, "सुई बदलत जा रे."

मी सांगलीच्या कॉलेजात बी. कॉम.ला. सुईसाठी म्हणून घरून मिळालेले पैसे मी सिनेमाच्या खात्यात वळते केले. दीड वर्ष रोज रात्री एक बाजू तरी ऐकत असे. पुढे पुढे पिन एकाच जागी अडकू लागली, कधी उडून पुढच्या खाचेत जाऊ लागली. एका मित्रानं उपाय सांगितला. मी चार आण्याचं नाणं हाताच्या टोकावर ठेवलं आणि पिन उडायची थांबली. केवढं समाधान झालं! चार आण्याचं नाणं अडीच ग्रॅमचं. पुढे सोनेतारणाच्या टेबलावर बसलो तेव्हा अडीच ग्रॅम म्हणजे काय ते मला कळलं. सुईच्या जगात तर तो डोंगरच. सुईचं टोक खाचेला टेकतं ती जागा इतकी लहान, की दीड-दोन ग्रॅमचा भारसुद्धा तिथं चौरस सेंटिमीटरला टनाच्या हिशेबात जातो. त्यावर माझे चार आणे.

१९७८ च्या दिवाळीत ताई माहेरी आली. फराळ झाल्यावर तिनं भूप लावला. विलंबित ख्याल ठीक गेला. द्रुत सुरू झाली आणि खरखर लागली. चिजेचा पहिलाच शब्द 'स'नं सुरू होतो. तो 'स' यावा आणि तव्यात पाणी पडल्यासारखा चर्र वाजावा. ताईनं माझ्याकडे पाहिलं. नाणं मी आधीच खिशात टाकलं होतं. मी म्हणालो, "रेकॉर्डच तशी निघाली असेल. आता लक्षात येतंय." ताईनं रेकॉर्ड पाकिटात घातली. ती पुन्हा कधी मागितली नाही, नागपूरलाही नेली नाही.

खरखर नेमकी द्रुतमध्येच का लागली, हे आज मला सांगता येतं. तबकडी फिरते ती सारख्याच वेगानं, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून जवळपास ९० सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलाजवळ ४० सेंटिमीटरच्याही आत. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. नागमोडी वळणं दाटीवाटीची होतात, आणि 'स', 'श', झांजा, तारेची झणकार हे सगळं तर त्यांतल्या सर्वांत बारीक वळणांत असतं. धारदार झालेली सुई त्या वळणांवरून जात नाही, ती खरवडून सपाट करते. आपल्या गाण्यात विलंबित आधी, द्रुत शेवटी. गाणं जिथं चढतं तिथंच सुईची सगळ्यात कठीण वाट येते. पाश्चात्त्यांच्या सिम्फनीचाही शेवट पुष्कळदा दणक्यात होतो, तेव्हा हे दुखणं त्यांनाही असणार. खरवडलेली वळणं मात्र परत येत नाहीत. धूळ धुता येते, भिंत पुन्हा बांधता येत नाही.

आता हे सगळं सांगायचं कारण, परत लोक रेकॉर्डी घेऊ लागले आहेत. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या. १९८७ नंतर हे प्रथमच घडलं. आमच्या सोसायटीतली तीन तरुण मुलं पुण्याच्या जुन्या बाजारातून रेकॉर्डी आणतात आणि आजोबांचा आहे म्हणून एखादा प्लेअर जोडतात. परवा त्यांतला एक म्हणाला, "काका, आवाज कसा तरी येतोय." मी सुई पाहिली. तिच्यावर उंदराच्या शेपटीएवढा धुळीचा झुपका लोंबत होता. त्यानं हातानंच तो ओढायला बोट पुढे केलं आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली, की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या.

बोट नाही. फुंकरही नाही, फुंकरीबरोबर ओल जाते. छोटा मऊ ब्रश घ्यायचा, आधी आवाज पूर्ण बंद करायचा आणि ब्रश फिरवायचा तो मागून पुढे, म्हणजे हाताच्या मुळाकडून टोकाकडे. तबकडी फिरताना खाच सुईखालून याच दिशेनं जाते. ती नळी मागच्या बाजूला रबराच्या इवल्या तुकड्यात रुतवलेली असते. पुढून मागे ढकललं तर ती वाकते, आडवं पुसलं तर मुळातूनच हलते. प्रत्येक बाजूच्या आधी दोन-तीन हलके फटके पुरे. एवढं नियमानं केलं तर पुढचे उपाय फारसे लागत नाहीत.

तरी जुन्या रेकॉर्डीतला मळ टोकाला चिकटून वाळतो, काळं कडं धरतो. त्याला मी भिंतीवरचे डाग पुसायचा तो पांढरा मेलामाइन स्पंज वापरतो. साखरेच्या चौकोनी खड्याएवढा तुकडा कापायचा, कोरडाच ठेवायचा, हात खाली करणाऱ्या खटक्यानं सुई सरळ त्याच्यावर टेकवायची आणि सरळ उचलायची. ओढायचं नाही, घासायचं नाही. काही जण स्पिरिटचा थेंब लावतात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. हिरा ज्यानं चिकटवलेला असतो ते डिंकासारखं द्रव्य आणि मागचं रबर या दोघांनाही स्पिरिट मानवेलच असं नाही. कार्ट्रिजबरोबर आलेला कागद काय सांगतो ते पाहावं आणि तेच करावं. भार किती ठेवायचा तेही त्या कागदावर असतं. मोजायला चिमुकले तराजू मिळतात. नाणी खिशातच बरी.

आणि सुई स्वच्छ ठेवायची तर रेकॉर्ड आधी. दोन पावसाळे मी चिपळूणच्या शाखेत होतो. भाड्याच्या खोलीत रेकॉर्डींच्या पाकिटांना बुरशी धरली, खाचांतूनही पांढुरकी झाक दिसू लागली. अशी रेकॉर्ड तशीच लावली तर पाच मिनिटांत सुई राखाडी लगद्यात बुडते. त्या मी डिस्टिल्ड वॉटरनं, लेबल कोरडं ठेवून, एकेक करून धुतल्या. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार मागे राहतात.

मळ मात्र साध्या भिंगातून दिसतो, झीज दिसत नाही. झीज पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. आणि आमच्या ताईकडे तो आहे, शाळेनं निकाली काढलेला तिनं विकत घेतलेला. गेल्या जानेवारीत ती पुण्याला राहायला आली तेव्हा मी मुद्दाम घेऊन यायला सांगितला होता. माझ्या वहीत सुईचे ४१२ तास झाले होते, तपासणी करून घ्यायची होती. ताई आता पंचाहत्तरीची. पण सूक्ष्मदर्शकासमोर बसली की वर्गातच असते. सुई काढून काचेवर ठेवली, वस्तू अपारदर्शक म्हणून मोबाइलचा प्रकाश बाजूनं धरला. शंभर पटीत हिरा गोल दिसला, टोकावर प्रकाशाचा एक ठिपका. "चांगली आहे," ताई म्हणाली. "आणखी काही आहे का बघायला?"

होतं. मिरजेचं घर आवरताना जुना प्लेअर सापडला होता, सुईसकट. तो नील मी आगपेटीत ठेवला होता. ताईला तो दिला, काही बोललो नाही.

ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग मला पाहायला लावलं. टोक गोल नव्हतंच. दोन्ही बाजूंना दोन सपाट पैलू पडले होते, आरशासारखे चमकत होते आणि त्यांच्या कडा पटाशीच्या धारेसारख्या सरळ.

"किती तास?"

"दोनशे तरी."

"आणि चालायला हवी होती पन्नास." तिनं जवळची वही ओढली, पेन्सिलीनं आकृती काढली, प्रॅक्टिकलच्या जर्नलात काढतात तशी, बाण आणि नावांसकट. तिरप्या अक्षरात 'झिजलेला पृष्ठभाग' असं लिहिलं.

"त्यावर चार आण्याचं नाणंही ठेवत होतो," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. एका बाणाशेजारी '+ २.५ ग्रॅम' असं लिहिलं. मग म्हणाली, "म्हणजे रेकॉर्ड चांगली होती."

"हो."

"आहे का अजून?"

कपाटात होती. आतल्या कागदी पाकिटावर तिच्या अक्षरात तारीख होती, १९७३ ची. मी भूपाची बाजू वर ठेवली आणि हिऱ्याची सुई जागेवर बसवली. आवाज बंद करून हात खाली आणणार, तोच ताई म्हणाली, "ब्रश?"