पेपर जवळ आला? आधी ठिपके मांडा!

अमरावती विद्यापीठाचं वेळापत्रक लागलं की पांढरकवड्यातल्या पोरापोरींच्या पोटात गोळा येतो. परीक्षा हिवाळी असो की उन्हाळी, धसका तोच. अशा वेळी रंग, माती किंवा रांगोळी हातात घ्या. का, ते वाचा!

● अर्धा तास पुरे!
अमेरिकेतल्या मेन राज्यात सत्रपरीक्षेच्या तोंडावर ५७ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. काहींनी अर्धा तास रंगकाम, कोलाज, मातीकाम केलं; बाकीचे नुसते बसले. हात चालवणाऱ्यांची चिंता चांगलीच उतरली. हा अभ्यास २०१२चा.

● कोऱ्या कागदापेक्षा चौकट बरी
२००५ सालच्या प्रयोगात ८४ विद्यार्थ्यांना आधी एक भीतीदायक आठवण लिहायला लावली, मग रंग दिले. मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, किंवा चौकडी रंगवणारे निवळले. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांना तेवढा फरक पडला नाही. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ही चौकट आयतीच आहे. ‘११ ते ६’ ठिपके मांडले की हाताला वाट सापडते.

● चित्रकला येत नाही? हरकत नाही!
फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं कलेत रमवलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. सराईत आणि नवखे, दोघांनाही गुण आला. हे निष्कर्ष २०१६मध्ये छापून आले.

● रेघोट्यांना रागावू नका
२००९मध्ये ब्रिटनमध्ये ४० जणांना एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. ऐकता ऐकता कागदावरचे आकार भरत बसणाऱ्यांच्या लक्षात २९ टक्के जास्त राहिलं.

● नाव दिलं एका रुग्णाने
क्षयरोगावर उपचार घेताना इंग्रज चित्रकार एड्रियन हिल चित्रं काढत बसायचे. त्यांनीच १९४२मध्ये ‘आर्ट थेरपी’, म्हणजे कलेतून उपचार, हा शब्द रूढ केला.

● माती तर दारातच!
आपली काळी माती चिकट, हवा तो आकार घेणारी. पोळ्याला लहानपणी मातीचे बैल केले असतील, तसाच एक आज करा. वाळल्यावर तडे जातील, जाऊ द्या. बैल देखणा व्हायलाच हवा असं नाही, हात मातीत जायला हवेत.

मात्र झोप उडाली, छातीतली धडधड थांबेना, कशातच मन लागेना, तर एकट्याने सोसू नका. घरच्यांशी, सरांशी, मॅडमशी बोला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.